आढ्यावरचे कोने: नव्या घराचं छप्पर गळू नये म्हणून कामाचा नेमका क्रम

नवं कौलारू घर पहिल्या पावसात आढ्याखाली, म्हणजे छपराच्या सगळ्यात उंच रेषेखाली, गळतं. गवंडी वर चढतो, कोन्यांच्या सांध्यांवर सिमेंट थापतो आणि वरून विटकरी रंग मारतो. पुढच्या जूनमध्ये पाणी पुन्हा तिथेच टपकतं. येऊरपासून उरणपर्यंत हा प्रकार इतका सर्रास चालतो की आढं थोडंफार गळणारच, असं लोकांनी धरून ठेवलंय.

तसं काही नाही. कोने, म्हणजे छपराच्या दोन उतरत्या बाजू (पाखी) जिथे मिळतात तिथली टोपीसारखी कौलं, ज्यांना दुकानात रिज म्हणतात, ती बसतात सगळ्यात शेवटी. पण ती गळणार की नाही हे खालच्या रिपा, म्हणजे कौलं ज्यांवर अडकतात त्या आडव्या पट्ट्या, मारतानाच ठरलेलं असतं. शेवटची ओळ आढ्यापासून लांब राहिली, आढं झोल खाऊन बसलं किंवा कोन्याचा कोन छपराच्या कोनाशी जुळला नाही, तर गवंडी ती सगळी तफावत मालाने भरून काढतो. माल भेगाळतो आणि पाणी आत येतं.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. सिमेंटचा माल कोन्याला बसायला गादी देतो, पाणी अडवणं हे त्याचं काम नाही. पाणी अडवतात कोन्याची कौलावर येणारी लोंब, सांध्यातली चढण (एका कोन्याचं तोंड दुसऱ्यावर जितकं चढतं तेवढा भाग) आणि कोन्याखालची पट्टी. खालचे सगळे टप्पे याच हिशोबाने लावले आहेत.

## काम कधी काढायचं

मुंबई परिसरात मोसमी पाऊस पोचण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. ती धरून उलट मोजा. वळवाच्या सरी मेअखेरीस येतात आणि चक्रीवादळं तारीख बघून येत नाहीत. ‘निसर्ग’ २०२० साली ३ जूनला श्रीवर्धनजवळ धडकलं, तर ‘तौक्ते’ २०२१ च्या मे महिन्यात मुंबईजवळून गेलं. म्हणून कोन्यांचं काम २० मेपर्यंत पाणी मारून, चाचणी घेऊन संपलेलं हवं. त्यात मालाला सात दिवस पाणी मारायचं आणि त्याआधी छपराला कौलांच्या वजनाखाली बसायला दोन आठवडे द्यायचे. याचा अर्थ पाख्यांवरची सगळी कौलं एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चढलेली असली पाहिजेत.

कंत्राटदार ‘एका दिवसात कोने मारून देतो’ म्हणाला तर तो खोटं बोलत नसतो. कोने खरंच एका दिवसात बसतात. तयारीला मात्र दिवस लागतात, आणि त्याच्या दरात ते धरलेले नसतात.

## टप्पा १: मोजमाप आणि मागणी

दुपाखी घराला सोपं आहे. आढ्याची लांबी भागिले एका कोन्याची झाकणारी लांबी. ही झाकणारी लांबी कोन्याच्या पूर्ण लांबीपेक्षा कमी असते, कारण एकाचं तोंड दुसऱ्यावर चढतं. दुकानदाराचा आकडा घेऊ नका. पाच कोने जमिनीवर जोडून ठेवा, पहिल्याच्या सुरुवातीपासून पाचव्याच्या सुरुवातीपर्यंत मोजा आणि चारने भागा.

समजा ती लांबी ३७.५ सेंमी आली आणि आढं ९ मीटर आहे. मग २४ कोने लागले. दहा टक्के मोडतोड धरून २७ मागवा.

चौपाखी घराला इथेच हिशोब चुकतो. लोक फक्त मधलं आढं मोजतात आणि कोपऱ्यांकडे उतरणाऱ्या चार तिरक्या धारा विसरतात. त्या धारांनाही कोनेच लागतात. वळचणीपर्यंत, म्हणजे छपराच्या खालच्या कडेपर्यंत, ९ बाय ६ मीटरचं छप्पर आणि ३० अंशांचा उतार असेल तर:

- मधलं आढं: ९ − ६ = ३ मीटर, म्हणजे ८ कोने.
- एका धारेची खरी लांबी: जमिनीवरच्या नकाशात ४.२४ मीटर, उंची १.७३ मीटर, त्यामुळे तिरकी लांबी ४.५८ मीटर. एका धारेला १३, चार धारांना ५२ कोने.
- एकूण ६०, मोडतोडीसह ६६. शिवाय आढ्याच्या दोन टोकांना, जिथे आढं आणि दोन धारा मिळतात, दोन तीनतोंडी कोने.

तेवढ्याच घराला दुपाखीपेक्षा अडीचपट कोने. हे आधी कळलं नाही की काम अर्ध्यावर थांबतं आणि राहिलेले कोने दुसऱ्या भट्टीचे येतात. त्यांची खाच पहिल्यांशी जुळत नाही. तीनतोंडी कोना न मिळाल्यास गवंडी तीन कोने कापून मधे सिमेंटचा गोळा बसवतो, आणि बहुतेक चौपाखी घरं त्या गोळ्याखालीच गळतात. तीनतोंडी मिळत नसेल तर कोने मागवण्याआधी भट्टी बदला.

## टप्पा २: कोने-कौलं पारखून घेणं

कोने आणि पाख्यांची कौलं एकाच भट्टीची घ्या. मंगलोरी कौलांचं भारतीय मानक आयएस ६५४ आणि कोन्यांचं आयएस १४६४ आहे, बिलावर त्यांचा उल्लेख मागायला हरकत नाही. पण गाडी दारात आल्यावर पुढच्या चार गोष्टी स्वतः बघा.

आवाज. कोना एका हातात लोंबता धरून बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजला पाहिजे. बद्द आवाज म्हणजे आत तडा किंवा कच्ची भाजणी.

डुगडुग. सपाट लादीवर कोना पालथा ठेवा. चारही कोपरे टेकायला हवेत. एक कोपरा तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त उचलला असेल तर तो कोना टोकाला कापून वापरायला बाजूला ठेवा, ओळीत घेऊ नका.

पाणी पिणं. सुकं वजन करा, २४ तास पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. २.८० किलोचा कोना ३.२२ किलो झाला तर त्याने १५ टक्के पाणी प्यायलं, तो चालेल. २० टक्क्यांच्या वर गेला तर लॉट परत करा. ठाणे परिसरात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि असं कौल चार महिने ओलंच राहतं. त्यावर शेवाळ धरतं, वजन वाढतं आणि खालचा माल कधी सुकत नाही.

कोन. हे कुणीच बघत नाही. ३० अंश उताराच्या दोन पाख्यांमध्ये आढ्यावर १२० अंशांचा कोन होतो. कोना त्याहून अरुंद असेल तर त्याच्या कडा कौलावर टेकतात पण माथा वर राहतो, तिथे फारसं बिघडत नाही. कोना त्याहून पसरट असेल तर माथा टेकतो आणि कडा हवेत राहतात. मग गवंडी दोन्ही बाजूंना जाड मालाची भिंत बांधतो. दोन फळ्या छपराच्या उतारात खिळ्याने जोडून सांगाडा करा, त्यावर दोन कौलं आणि वर कोना ठेवून बघा. कडेखालची फट १० मिलिमीटरच्या आत हवी.

## टप्पा ३: आढं सरळ आहे का

पाख्यांवर कौलं चढवताना दोन्ही बाजूंना सारखीच चढवा. एक पाखं पूर्ण भरून मग दुसरं घेतलं की सांगाडा एका बाजूला झुकतो. लाकडी वासे असतील तर हे डोळ्यांना दिसतं. चौकोनी पाइपच्या लोखंडी सांगाड्यात दिसत नाही, पण होतं.

दोन आठवड्यांनी आढ्याच्या दोन टोकांना लाइनदोरी ताणा आणि पाण्याच्या लेव्हल ट्यूबने मधली पातळी तपासा. ९ मीटरमध्ये मध्यभागी १ सेंमीपर्यंत झोल चालतो. त्यापेक्षा जास्त असेल तर सांगाडा बनवणाऱ्या फॅब्रिकेटरला बोलवा. गवंड्याला ‘मालात भरून घे’ म्हणू नका. ३ सेंमी झोल मालाने उचलायचा म्हणजे त्याच जागी, सगळ्यात कमजोर मध्यावर, जादा वजन टाकणं.

लोखंडी सांगाडा तापला की लांबतो. ९ मीटरचा पाइप सकाळपासून दुपारपर्यंत ३० अंश तापला तर सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास वाढतो. भाजलेली माती त्याच्या निम्म्यानेच वाढते. रोज हे चालू असताना मालाने लोखंडाला थेट चिकटवलेला कोना सुटणारच. म्हणून नियम साधा आहे: माल फक्त कौल आणि कोना यांच्यात. आढ्याच्या पाइपला मालाचा स्पर्शही नको.

## टप्पा ४: सगळ्यात वरची रीप

सगळं काम इथे अडकतं, म्हणून जरा थांबून वाचा. रिपांचा हा हिशोब कौलं चढवण्याआधीच करायचा आहे.

गवंडी किंवा फॅब्रिकेटर रिपा वळचणीकडून मारत वर येतो. ठरलेलं अंतर धरून वर पोचतो तेव्हा आढ्याजवळ काहीतरी विचित्र उरतं. कधी अर्धी ओळ, कधी पाव. ३० अंश उताराच्या, ३ मीटर अर्ध्या रुंदीच्या पाख्याची तिरकी लांबी ३.४६ मीटर असते. ३२ सेंमीने रिपा मारल्या तर दहा ओळींनंतर २६ सेंमी उरतात. तिथे अख्खं कौल मावत नाही. कौल कापलं तर रिपेवर अडकणारी त्याची वरची नाकं जातात आणि न कापता ठेवलं तर शेजारच्या पाख्याच्या कौलाला भिडतं. तेच अंतर ३१.५ सेंमी घेतलं असतं तर बरोबर ११ ओळी बसल्या असत्या.

म्हणून रिपा मारण्याआधी हे करा:

१. दहा कौलं जमिनीवर एकाखाली एक जोडा. सगळी ताणून सैल करा आणि पहिल्याच्या वरच्या कडेपासून दहाव्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. मग सगळी दाबून घट्ट करा आणि पुन्हा मोजा. दोन्हींना नऊने भागा. तुमचं कौल किती कमी-जास्त अंतर सहन करतं ते कळलं.

२. पाख्याची तिरकी लांबी आढ्याकडून खाली मोजा. वरच्या ओळीच्या कौलाची वरची कड आढ्याच्या मध्यरेषेपासून ४ ते ६ सेंमीवर यावी, अशी सगळ्यात वरची रीप आधी ठरवा.

३. वळचणीला पहिलं कौल किती बाहेर काढायचं ते ठरवा आणि मधलं अंतर सारख्या ओळींमध्ये वाटा. अंतर पहिल्या मुद्द्यातल्या दोन आकड्यांच्या मधे आलं पाहिजे. येत नसेल तर वळचणीचा बाहेरचा भाग थोडा कमी-जास्त करा. तिथे दोन सेंमी कुणाला दिसत नाहीत.

४ ते ६ सेंमीच का? कोन्याची एक बाजू १४ सेंमी धरा. वरचं कौल मध्यरेषेपासून ५ सेंमीवर थांबलं तर कोना त्यावर ९ सेंमी येतो. ही लोंब ७.५ सेंमीपेक्षा कमी नको, कारण नैर्ऋत्येचा वारा पाऊस पाख्यावरून वर ढकलतो.

तपासा: कोने चढवण्याआधी आढ्यावर एक कोना सुकाच ठेवा आणि त्याच्या कडेला कौलावर खडूने रेघ मारा. कोना काढा. रेघेपासून कौलाच्या वरच्या कडेपर्यंत पट्टी लावा. आढ्यावर तीन ठिकाणी, दोन्ही पाख्यांवर. एकाही ठिकाणी ७.५ सेंमीच्या खाली आलं तर काम पुढे नेऊ नका.

रिपा आधीच लागून गेल्या असतील आणि अंतर कमी पडत असेल, तर वरच्या दोन-तीन रिपा सोडवून पुन्हा मारणं हाच उपाय. एका दिवसाचं काम आहे. मालाने भरलेली फट आयुष्यभराचं काम आहे.

## टप्पा ५: कोन्याखालची पट्टी आणि कोना धरणारी रीप

आढ्यावर सांगाड्याला पोलादी तुकडे वेल्ड करून त्यांवर आढ्याच्या लांबीने एक रीप बसवा, २५ बाय २५ मिमीचा चौकोनी पाइप पुरे. वेल्डिंगच्या जागी झिंकचा प्रायमर विसरू नका. रिपेची उंची सुका कोना ठेवून काढायची: कोन्याच्या माथ्याची आतली बाजू आणि रिपेचा वरचा भाग यांत साधारण ५ मिमी मोकळे राहिले पाहिजेत. रीप उंच झाली तर कोना रिपेवर डोलतो, खाली राहिली तर स्क्रू आवळताना कोना तडकतो.

त्या रिपेवरून ३० सेंमी रुंदीची लवचिक पट्टी अंथरा. ब्यूटाइलचा चिकट थर असलेला अॅल्युमिनियम रोल मिळतो, नाहीतर ईपीडीएम रबर. खर्च वाचवायचा असेल तर ०.५ मिमीचा सपाट अॅल्युमिनियमचा पत्रा वाकवूनही चालतो. पट्टीची कड दोन्हीकडे वरच्या कौलाच्या वरून किमान ५ सेंमी खाली आली पाहिजे.

सावधान: पट्टी कौलाच्या खाली खोचली तर कोन्यातून गळलेलं सगळं पाणी ती इमानेइतबारे घरात आणून सोडते. फॅब्रिकेटर कौलं चढण्याआधीच पत्रा मारून मोकळे होतात तेव्हा नेमकं हेच होतं.

खारघर-नेरूळकडच्या रो हाउसमध्ये सांगाडा नसतो, उतरत्या स्लॅबवर कौलं बसवलेली असतात. तिथे कौल हे दुसरं छप्पर, पहिलं छप्पर स्लॅबच. दोन उतार जिथे मिळतात त्या रेषेवर ३० सेंमी इकडे, ३० सेंमी तिकडे जाळी घालून वॉटरप्रूफिंगचे दोन थर द्या आणि मगच कौलांना हात लावा. स्लॅबवर आडव्या रिपा थेट मारू नका. खाली उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या मारून त्यावर आडव्या रिपा घ्या, म्हणजे कौलाखाली गेलेलं पाणी अडत नाही, वळचणीला बाहेर पडतं.

## टप्पा ६: सुकी मांडणी

माल कालवण्याआधी सगळे कोने आढ्यावर सुके मांडा आणि खडूने आकडे टाका.

सुरुवात वाऱ्याच्या उलट टोकाकडून. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा पहिला कोना ईशान्येच्या टोकाला आणि पुढचा प्रत्येक त्यावर चढत नैर्ऋत्येकडे. असं केलं की सांध्याचं तोंड वाऱ्याला पाठ करून राहतं. तिरक्या धारांवर दिशा खालून वर, आणि त्या आढ्याच्या आधी संपवायच्या. तीनतोंडी सगळ्यात शेवटी. प्रत्येक धारेच्या सगळ्यात खालच्या कोन्याला स्टेनलेस पट्टीचा वाकवलेला हूक हवाच, नाहीतर अख्खी रांग हळूहळू सरकते.

कापलेला तुकडा टोकाला ठेवू नका. टोकाला वाऱ्याचा मार सर्वात जास्त, तिथे अख्खा कोना हवा. तुकडा टोकापासून तिसरा-चौथा ठेवा, आणि तो अर्ध्यापेक्षा लहान नको. कापायचं ते खाली, ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून. छपरावर बसून कापलं की लाल भुकटी कौलांच्या नाळ्यांत (पाणी वाहायच्या खाचांत) बसते आणि पहिल्या पावसात भिंतींवर ओघळ दिसतात.

आता भोकं. प्रत्येक कोन्याच्या माथ्यावर, जे टोक पुढच्या कोन्याखाली झाकलं जाणार त्या टोकाला, स्क्रूपेक्षा दीड-दोन मिमी मोठं भोक पाडा. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून. भोक झाकणीच्या खाली गेलं म्हणजे त्यातून पाणी जाण्याचा प्रश्नच उरत नाही. स्क्रू स्टेनलेस ३०४ ग्रेडचा, खाली ईपीडीएम रबराचा वॉशर. ऐरोली, दिवाळे, करावे, उरण अशा खाडीकाठच्या गावांत ३१६ ग्रेडचा घ्या. गॅल्वनाइज्ड स्क्रू तिथल्या खाऱ्या हवेत फार टिकत नाही आणि गंजलेला स्क्रू फुगून कोना फोडतो.

‘आमच्या बाजूला कुणी स्क्रू मारत नाही’ हे गवंड्याचं नेहमीचं उत्तर. ब्रिटनमध्येही वर्षानुवर्षं नुसत्या मालावर कोने बसत. २०१४ मध्ये तिथलं बीएस ५५३४ मानक सुधारलं तेव्हापासून माल असो वा नसो, प्रत्येक कोना यांत्रिकरीत्या बांधावा लागतो. आपल्याकडे वाऱ्याखेरीज येऊरची माकडंही आहेत. सैल कोना त्यांच्या उडीला टिकत नाही.

## टप्पा ७: माल

सिमेंट आणि वाळूचं प्रमाण एकास चार. एकास दोनचा ‘दणकट’ माल हमखास भेगाळतो, कारण सिमेंट जास्त तितकं आकुंचन जास्त.

९ मीटर आढ्याला २५ किलो म्हणजे अर्धी गोणी सिमेंट आणि साधारण ७० लिटर वाळू पुरते. त्यात पॉलीप्रॉपिलीन फायबर (५० किलोच्या गोणीला १२५ ग्रॅम या हिशोबाने साठेक ग्रॅम) घातले तर बारीक भेगा बऱ्याच कमी होतात. वाळू धुतलेली क्रश सँड, प्लास्टरची बारीक. खाडीची वाळू फुकट मिळाली तरी नको. तिच्यातलं मीठ मालावर पांढरं फुलतं आणि खालच्या लोखंडाला खातं.

एका वेळी पाऊण तासात संपेल एवढाच माल कालवा. मेमधल्या उन्हात घट्ट होत आलेल्या मालात पाणी मारून तो पुन्हा चालवणं म्हणजे त्याचा दम काढून घेणं.

कोने पाण्यात बुडवा. बुडबुडे थांबले की काढून उभे करा आणि निथळू द्या. सुका कोना मालातलं पाणी शोषून घेतो, टपटप गळणारा कोना मालाला धरत नाही. हात लावल्यावर ओलसर, पण बोटाला पाणी लागत नाही, एवढा हवा. वरच्या ओळीच्या कौलांवरही ब्रशने पाणी फिरवा.

## टप्पा ८: कोने बसवणं

१. दोन्ही टोकांचे कोने तात्पुरते ठेवून माथ्यावरून लाइनदोरी ताणा.

२. मंगलोरी कौलाच्या खोल नाळ्यांत आधी कौलाचे तुकडे मालात बसवा. नुसत्या मालाचा जाड गोळा नाळीत सुकताना कडेने सुटतो, तुकडे घातले की आकसणारा माल कमी राहतो. प्रत्येक तिसऱ्या नाळीच्या तळाशी पेन्सिलीएवढं आरपार भोक ठेवा. पट्टीवर आलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. हे भोक बुजवायचा मोह गवंड्याला होतोच, आधी सांगून ठेवा.

३. कोन्याच्या दोन्ही कडांखाली ४-५ सेंमी रुंदीचा मालाचा पट्टा. मधला भाग पोकळ. कोना आतून ठासून भरला की तो माल महिनोन्महिने ओला राहतो आणि स्पंजासारखं पाणी आत देत बसतो. शिवाय वजन.

४. कोना ठेवून हलकेच दाबा, दोरीला लावा. सांध्यात, म्हणजे खालच्या कोन्याच्या चढणीवर, मालाचा पातळ थर. लोखंडी सांगाड्यावर दर तीन-चार मीटरला एका सांध्यात माल न घालता पॉलीयुरेथेन सीलंट भरा, तिथे छपराला हलायला जागा मिळते.

५. स्क्रू आवळा आणि वॉशर दबला की अर्धा फेरा मागे घ्या. पुरता आवळलेला स्क्रू आज नाही तर पहिल्या थंडीत कोना फोडतो.

६. चाळीस-पन्नास मिनिटांनी कडेचा माल थापीने कापून घ्या. माल कोन्याच्या कडेपासून ५ ते १० मिमी आत राहिला पाहिजे, म्हणजे कडेवरून पागोळी सरळ कौलावर पडते.

सावधान: माल कोन्याच्या कडेबाहेर काढून कौलावर उतरता लेप देण्याची पद्धत सगळीकडे आहे. दिसायला नीटनेटकं दिसतं. पण त्या लेपाची वरची कड सुटली की केसाएवढ्या फटीत पाणी ओढलं जातं आणि लेप त्याला बाहेरही पडू देत नाही. कोन्यांच्या सांध्यांवर बाहेरून फासलेल्या सिमेंटचंही तेच.

टोकांची तोंडं कौलाचा तुकडा आणि माल लावून बंद करा, नाहीतर वटवाघळं आणि मधमाशा राहायला येतात. आत फॉल्स सीलिंग असेल तर हवा खेळण्यासाठी एका टोकाला स्टेनलेस जाळी ठेवा.

चढणाऱ्यांसाठी: आढ्याला अडकणारी शिडी वापरा, कौलावर पाय देणं भाग पडलं तर जिथे खाली रीप आहे तिथेच. कमरेला पट्टा आणि तो सांगाड्याला बांधलेला. काम सकाळी अकराच्या आत आटपा. माणसासाठीही बरं आणि मालासाठीही.

## टप्पा ९: पाणी मारणं आणि चाचणी

संध्याकाळी ओली गोणपाटं कोन्यांच्या कडांवर टाका, सात दिवस ओली ठेवा. पाइपचा जोरदार फवारा पहिल्या दोन दिवसांत नको.

आठव्या दिवशी चाचणी. एक जण वर पाइप घेऊन, एक जण आत टॉर्च घेऊन. पाणी आढ्याच्या खाली दोन कौलांपासून सुरू करा, दर दोन-तीन मीटरला दहा मिनिटं, मग हळूहळू वर सरकत कोन्यावर या. थेट कोन्यावरूनच सुरुवात केली तर पाणी कोन्यातून आलं की वरच्या ओळीच्या फुटक्या कौलातून, हे कळत नाही. पाइपचं तोंड वरून खाली धरा. खालून वर मारलेला झोत कुठल्याही छपरात शिरेल, त्यावरून काही सिद्ध होत नाही.

कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता या चाचणीनंतर द्यायचा, हे करारातच लिहा.

## तरीही गळलं तर

टपकतं तिथे गळत नसतं. थेंब रिपेवरून किंवा वाशावरून सरकत खाली येतो, तेव्हा ओल्या रेषेचा माग वरपर्यंत काढा.

फक्त जोराच्या वाऱ्यात गळत असेल आणि संथ पावसात नाही, तर लोंब कमी आहे किंवा सांधे उलट दिशेला चढवलेत. पाऊस थांबल्यावरही तास-दोन तास टपकत राहिलं तर कोना आतून ठासून भरलेला आहे. एकाच सांध्याखाली सतत ओल असेल तर तो एक कोना तडकलाय. स्क्रू काढा, त्याच्यावर चढलेला शेजारचा कोना सैल करा, तुटका बदला, पुन्हा त्याच पद्धतीने बसवा. वरून सिलिकॉन भरू नका, धुळकट, ओलसर मातीच्या कौलाला ते पकडतच नाही. डांबरी पट्टी उन्हात सुटते आणि जाताना कौलाचा पापुद्रा घेऊन जाते.

यासाठी त्याच लॉटमधले पाच-सहा कोने आणि वीसेक कौलं घराच्या मागे उभी करून ठेवा. आडवी रचली तर खालची फुटतात.